क्विंटलच्या पोत्याचा सूड

गिरिजाबाई भोकरदनच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चाळणी मारायची. आडत्याच्या ओट्यावर शेतकऱ्यांचा माल ओतला की त्यातली माती, खडे, काडीकचरा काढून तो साफ करायचा, हे बायांचं काम. साफ झालेला माल पोत्यात भरायचा, तोंड शिवायचं आणि पाठीवर घेऊन ट्रकपर्यंत न्यायचा, हे गड्यांचं. तिचा नवरा सर्जेराव त्याच ओट्यावर हमाल होता. भीमनगरातून दोघं सकाळी बरोबर निघायची. तो चार पावलं पुढं, ती मागं, आणि वाटेत एक शब्द नाही. मोंढ्याच्या फाटकाशी पोचल्यावर तो तंबाखू मळायला थांबायचा आणि तिच्याकडे बघून, 'चल, लाग कामाला' म्हणायचा. एवढंच त्यांचं बोलणं. पण त्या एवढ्या बोलण्यावर तिचा दिवस जायचा.

ओटा तातेरावांचा होता. तातेराव म्हणजे जुने जमीनदार, तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस, मोंढ्यात आडत टाकून पंधरा वर्षं झाली होती. बायांना ते नावानं हाक मारायचे ती अशी, 'ए गिरजे, जल्दी हात चालव.'

अठ्ठ्याऐंशी साली पाऊस भरपूर झाला आणि मुगाचा माल ओट्यावर मावेना. भादव्यातली गोष्ट. दुपारी सर येऊन गेली होती, ट्रकला लावलेली फळी ओली होती. सर्जेरावाच्या पाठीवर शंभर किलोचं पोतं, वर गोणपाटाचा भिजलेला बारदाना. गिरिजाबाई दहा हातांवर चाळणी घेऊन बसली होती. त्याचा पाय सटकलेला तिनं पाह्यला. तो पालथा पडला, आणि पोतं त्याच्या कमरेवर आलं.

तातेराव गादीवरून उठून ओट्याच्या कडेला आले. खाली बघितलं. मापाड्याला म्हणाले, "पोतं फाटलं का बघा रे आधी."

पोतं फाटलं नव्हतं. ते उचलून दोघांनी ट्रकमध्ये चढवलं. मग सर्जेरावाला उचललं. जालन्याच्या सरकारी दवाखान्यातून औरंगाबादला नेलं, तिथं सव्वा महिना ठेवलं. डॉक्टर म्हणाले, मणका गेला, कमरेखाली आता काही राह्यलं नाही. सर्जेराव घरी आला तो बाजेवर, आणि पुढं बाजेवरच राहिला.

गिरिजाबाईला त्या दिवसातलं बाकी सगळं पुसट आठवायचं. ते एक वाक्य मात्र तिच्या कानात जसंच्या तसं होतं, आवाजासकट. मोंढ्यात दुसरे ओटे होते, दुसऱ्या आडत्यांनी तिला बोलावलंही. ती गेली नाही. बरोबरच्या साळूबाईनं विचारलं, की ज्यानं नवऱ्याची दशा केली त्याच्याच दारात कशाला राबतेस. गिरिजाबाई म्हणाली, "समोर असला म्हंजी इसरायला व्हत न्हाई."

सूड घ्यायचा, हे तिनं सुरुवातीलाच ठरवलं होतं. कसा, ते ठरत नव्हतं. एका उन्हाळ्यात, भर दुपारी, मोंढा सुस्त पडलेला असताना तातेरावांच्या गोदामाचं दार नुसतं लोटलेलं तिला दिसलं. आत रिकाम्या बारदान्याचा ढीग. कनवटीला चुलीसाठी घेतलेली काडेपेटी होती. ती आत गेली, ढिगापाशी बसली, काडी बाहेरही काढली. तेवढ्यात भिंतीपलीकडून घोरण्याचा आवाज आला. गोदामाच्या सावलीला हमाल झोपले होते, पाच-सहा जण. ती उठली आणि बाहेर येऊन चाळणी घेऊन बसली. त्या दिवशी तिला एक गोष्ट कळली. तातेरावांचं जे जे जळणार होतं, त्याच्या शेजारी आपलंच माणूस झोपलेलं असणार.

कचरूभाऊ आले ते चौऱ्याण्णव साली. जालन्याच्या मोंढ्यातले म्हातारे हमाल, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली, खांद्याला पिशवी. संघटनेचं काम करायचे. भोकरदनच्या हमालांना त्यांनी कडुलिंबाखाली गोळा केलं आणि सांगितलं, की पंजाबात, गुजरातेत, आंध्रात, कुठंही जा, माणसाच्या पाठीवर क्विंटलचंच पोतं आहे. तिकडच्या संघटनांशी बोलणं झालंय. कार्तिकात एक दिवस ठरवून सगळ्या देशातला हमाल पोतं उचलणार नाही. मागणं दोन. पन्नास किलोच्या वर वजन माणसाच्या पाठीवर द्यायचं नाही, आणि म्हातारपणी हमालाला पेन्शन. बंद शांततेत होणार, कायद्यानं होणार, आधी नोटीस देऊन होणार.

हमाल ऐकत होते, पण डोळे जड झालेले. कुणी म्हणालं, एका दिवसानं काय होतंय. बाया मागं बसल्या होत्या. त्यांच्यातून गिरिजाबाईनं विचारलं, "त्या दिवशी आडत्याचं काय व्हईल?"

"त्याचा माल पडून राहील," कचरूभाऊ म्हणाले.

"कुनी पैशे दिऊन उचलून घ्यायचं म्हणलं तर?"

"कुणी उचलणारच न्हाई. भोकरदनात न्हाई, जालन्यात न्हाई, कुठंच न्हाई."

गिरिजाबाई म्हणाली, "मंग मी हाय."

हमाल दिवसभर वाहून दमलेले असायचे. भोकरदनचं काम करायला माणूस मिळेना, आणि गिरिजाबाई चौथी शिकलेली. कचरूभाऊंनी तिलाच नेमलं. नोटीस कशी लिहायची ते तिनं त्यांच्याकडून जालन्याला जाऊन शिकून घेतलं. एक बाजार समितीला, एक तहसीलदाराला, एक पोलीस ठाण्याला, आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, शिक्क्यासकट. तहसिलीतल्या बाबूनं तिला तीन खेपा घालायला लावल्या. चौथ्या खेपेला ती भाकरी बांधून गेली आणि त्याच्या टेबलासमोर भिंतीशी बसून राहिली. बाबूनं शिक्का मारला. पोच कचरूभाऊंना दाखवायला जालन्याला नेताना तो निळा शिक्का ती बसमध्ये काढून काढून बघत होती. काडेपेटीपेक्षा हे बरं, असं तिला वाटलं. ह्याला कुणी विझवू शकत नव्हतं.

चतुर्थीला ती राजूरला गेली. गणपतीला पंचक्रोशीतले शेतकरी येतात, ते एका जागी सापडतात, म्हणून. एसटी थांब्यावर उभी राहून तिनं पत्रकं वाटली. काहींनी घेतली, काहींनी हात मागं घेतला आणि 'ठेव तिथं' म्हणून थांब्याच्या ओट्याकडे बोट केलं. ती ओट्यावर ठेवत गेली. वर खडा ठेवायची, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

कडूबा नावाचा एक शेतकरी पत्रक वाचून परत आला. म्हणाला, तुम्ही हमाल बंद करणार आणि माल आमचा पडून राहणार, नुकसान कुणाचं? गिरिजाबाईनं त्याला सांगितलं, की त्या दिवशी माल आणूच नका, आदल्या दिवशी आणा नाहीतर दुसऱ्या दिवशी, तुमचा दाणाही वाया जाऊ देणार नाही. मग तिनं विचारलं, घरी गाडीत पोतं कोण चढवतं. कडूबा म्हणाला, मी आणि पोरगा. आणि बोलता बोलता त्याचा हात कमरेवर गेला. ते त्याच्याही लक्षात आलं. तो जरा हसला, आणखी दहा पत्रकं मागून घेतली, आमच्या पारावर मी सांगतो म्हणाला.

शहागडला ती दोनदा जाऊन आली. हायवेवर ट्रक थांबतात, तिथं ड्रायव्हरांना सांगितलं की त्या दिवशी भोकरदनकडं वळू नका, रिकामं उभं राहावं लागेल. ड्रायव्हर लोक बाईमाणसाचं ऐकून घेत नव्हते. तिनं त्यांना सर्जेरावाची गोष्ट सांगितली. फळी, पोतं आणि ते वाक्य. त्यानंतर ते ऐकायला लागले. ही गोष्ट ती आता सगळीकडे सांगत होती, एकही शब्द न बदलता, डोळ्यांत पाणी न आणता.

हमालांत भिवा म्हणून एक होता, तिशीचा, सर्जेरावाच्या हाताखाली शिकलेला. तो एका संध्याकाळी तिच्या दारात येऊन म्हणाला, बंदच्या दिवशी तातेरावाच्या ट्रकचे टायर मी फाडतो, चार दगड काचेवर मारतो, कुणाला कळणार नाही. त्याला वाटलं, गिरिजाबाई खूश होईल.

"दगड मारलास तर तो पोलिसात जाईल," ती म्हणाली. "पेपरात त्याचा फोटू येईल. लोक म्हणतील, बिचारा. भिवा, मला त्याला बिचारा होऊ द्यायचं न्हाई."

आतून बाजेवरून सर्जेराव सगळं ऐकत होता. भिवा गेल्यावर तो म्हणाला, की तू हे हमालांसाठी करून राह्यली का तातेरावासाठी. गिरिजाबाईनं कणीक मळता मळता उत्तर दिलं, दोन्ही एकच आहे. सर्जेराव म्हणाला, एक नाही. बंदच्या दिवशी त्याला हातगाड्यावर घालून मोंढ्याच्या फाटकाशी न्यायचं तिनं मनात धरलं होतं. लोकांनी बघावं, तातेरावांनी बघावं. तिनं तसं सांगितलं, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मला दाखवायला नेऊ नको." त्यावर तिनं पुन्हा विषय काढला नाही.

बंदला चार दिवस राहिले, आणि तातेरावांनी तिला गादीवर बोलावलं. इतक्या वर्षांत ती त्या पायऱ्या चढली नव्हती. त्यांनी खुर्ची पुढं केली. "बसा, गिरिजाबाई," म्हणाले.

ती बसली. तातेरावांनी चहा मागवला आणि शांतपणे बोलले. त्यांचा मुंबईच्या एका दाल मिलशी करार होता, एक ट्रक नेमका त्याच तारखेला भरून निघायला हवा होता. बाकी मोंढा खुशाल बंद ठेवा, माझा एक ट्रक भरू द्या. आणि पुण्याला मोठ्या दवाखान्यात माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, मणक्याचेच. सर्जेरावाला आपल्या गाडीतून नेऊ. ऑपरेशनचा, राहण्याचा, सगळा खर्च माझा.

गिरिजाबाई चहाकडे बघत राहिली. तिला पुणं सुचलं नाही, ऑपरेशन सुचलं नाही. ह्या माणसाला गरज लागली आहे, एवढंच तिच्या डोक्यात भरलं. अंगातून ऊन फिरावं तसं तिला वाटलं. "जमनार न्हाई," ती म्हणाली आणि चहा तसाच ठेवून पायऱ्या उतरली.

घरी तिनं सांगितलं नाही. पण मोंढ्यात कुठली गोष्ट राहते? तिसऱ्या दिवशी भिवा कौतुकानं सर्जेरावाला सांगून बसला, की वहिनीनं पुण्याला लाथ मारली. गिरिजाबाई कामावरून आली तर सर्जेराव कोपरावर उठून बसलेला.

"पाठ माझी हाय का तुझी?" त्यानं विचारलं.

"औरंगाबादवाले न्हाई म्हणले व्हते," ती म्हणाली. "पुन्याचे काय येगळं सांगनार व्हते?"

"ते मी बघितलं असतं. मला एकदा इचारायचं तरी."

"तुमी हो म्हणाला असता."

"व्हय," सर्जेराव म्हणाला. "म्हणलो असतो."

त्या दिवशी तो जेवला नाही. तिनं ताट झाकून ठेवलं, आणि स्वतःही जेवली नाही. पण सकाळी ती उठली ती मोंढ्याकडेच गेली.

बंदचा दिवस मंगळवार होता. हमाल, मापाडी, चाळणीवाल्या बाया, सगळे मिळून पावणेदोनशे माणसं फाटकाबाहेरच्या मोकळ्या जागेत ओळीनं बसली. दंडाला पांढरी फीत. रस्ता सोडून दोन्ही बाजूंना चुन्याच्या फक्कीनं रेघ मारलेली, रेघेच्या पुढं कुणी यायचं नाही. कुणाच्या हातात काठी नाही, पोती ओढायचा आकडाही कुणी आणलेला नाही. गिरिजाबाईनं आकडे सकाळीच मागून घेऊन एका घमेल्यात टाकले होते आणि घमेलं बंदोबस्ताला आलेल्या पोलीस जमादाराच्या पायाशी नेऊन ठेवलं होतं. जमादार म्हणाला, बाई, तुम्ही तर आमचंच काम करून टाकलं.

कडूबाच्या गावची एकही गाडी आली नाही. राजूर रस्ता रिकामा होता. मोंढ्यात कबुतरं उतरली होती आणि त्यांचं चालणं ऐकू येत होतं.

दहाच्या सुमाराला तातेरावांचा टेम्पो आला. आत बारा माणसं, दुसऱ्या तालुक्यातून आणलेली. भिवा ताडकन उठला. त्याच्याबरोबर आणखी दहाबारा उठले. गिरिजाबाई ओळीतून चालत आली आणि म्हणाली, फाटक मोकळं ठेवा, कुणी आडवं जायचं नाही. टेम्पो आत गेला. भिवा तिच्याकडे असा बघत होता, जणू तिनं दगा दिला.

ती माणसं उतरून पाणी प्यायला नळाशी आली. नळ फाटकाला लागूनच. गिरिजाबाई रेघेच्या अलीकडे उभी राहिली आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलली. त्याच ओट्यावर माझा नवरा पडला, सहा वर्षं बाजेवर आहे, ही फळी तीच आहे. तुम्हाला अडवायला कुणी उठणार नाही. फक्त उचलायच्या आधी पोत्याचं वजन करून घ्या.

माणसं ओट्यावर गेली. त्यांच्यातल्या एकानं वजन करायला सांगितलं. मापाडी तर सगळे बाहेर बसलेले. तातेरावांच्या थोरल्या मुलानंच पोतं काट्यावर चढवलं. एकशे चार किलो. ती माणसं शेतात राबणारी होती, पाठीवर वाहायची सवय नव्हती. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, फळीकडे बघितलं. ती परत टेम्पोत जाऊन बसली. टेम्पो फाटकातून बाहेर पडला तेव्हा बसलेल्या माणसांतून कुणी टाळी वाजवली नाही. तसं आधीच ठरलं होतं.

तातेराव ओट्यावर उभे होते. पावणेदोनशे माणसं त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यावर तक्रार करायला त्यांना जागा नव्हती. त्यांनी डोक्याचा फेटा काढून ठेवला. धोतर खोचलं. दोन्ही मुलांना म्हणाले, द्या पाठीवर. मुलं नको म्हणत होती. त्यांनी ऐकलं नाही. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस वाकला, मुलांनी पोतं चढवलं, आणि तातेराव फळीवर चढले.

अर्ध्या फळीपर्यंत गेले. तिथं थांबले. वर जाता येईना, खाली येता येईना. त्यांच्या पोटऱ्या कापताना बाहेरून दिसत होत्या. थोरला मुलगा ओरडला, अरे कुणीतरी धरा.

भिवा उठला. टायर फाडायला निघालेला तो भिवा. हमालाचं अंगच तसं असतं, पोत्याखाली माणूस अडकलेला दिसला की पाय आपोआप उचलतात. गिरिजाबाईनं त्याचा खांदा दाबला.

"बस," ती म्हणाली. "आज वजन उचलायचं न्हाई, आपलं ठरलंय."

भिवा बसला. त्यानं मान खाली घातली. गिरिजाबाईनं घातली नाही. तिनं सगळं बघितलं, पापणी न लवता. तो माणूस पडला तर पडू दे, असं तिच्या मनात स्वच्छ होतं. शेवटी मुलांनी खालून काठी लावून पोतं एका बाजूला ढकललं, ते धप्पकन मातीत पडलं, आणि तातेराव फळीवरच बसले. त्यांना काही झालं नाही. पाणी मागितलं, प्यायले, आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले. तो ट्रक त्या दिवशी निघाला नाही.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर रेडिओच्या बातम्यांत सांगितलं, की अनेक राज्यांतल्या बाजार समित्या दिवसभर बंद होत्या, कुठेही अनुचित प्रकार घडला नाही. भोकरदनचं नाव आलं नाही. हमाल तरीही एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत होते, अनेक राज्यांतल्या.

कचरूभाऊ जालन्याहून आले ते रागातच. त्यांना सगळं कळलं होतं. तो म्हातारा मेला असता तर देशभरच्या माणसांनी पाळलेली शांतता आपल्या एका मोंढ्यानं मातीत घातली असती, असं म्हणाले. गिरिजाबाईनं ऐकून घेतलं. मी कायदा मोडला का, एवढंच विचारलं. कचरूभाऊ म्हणाले, न्हाई मोडला.

लगेच काही बदललं नाही. सरकारी समित्या झाल्या, चर्चा झाल्या, आणखी दोन वेळा तसाच एक दिवसाचा बंद करावा लागला. शहाण्णव साली भोकरदनच्या मोंढ्यात साठ किलोचं पोतं ठरलं, नंतर पन्नासचं. साठचं ज्या बैठकीत ठरलं तिथं टेबलाच्या एका बाजूला आडते होते, दुसऱ्या बाजूला हमालांतर्फे कचरूभाऊ आणि गिरिजाबाई. पहिली सही तातेरावांची झाली पाहिजे, असा हट्ट तिनं धरला होता. तो का, ते कुणी विचारलं नाही. तातेरावांनी सही केली.

बैठक सुटल्यावर व्हरांड्यात ते तिच्याजवळ येऊन उभे राहिले. विचारलं, त्या दिवशी मी पडलो असतो तर?

"तर पडला असता," गिरिजाबाई म्हणाली. आणि मग आठ वर्षं कानात ठेवलेलं ते वाक्य तिनं त्यांना त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं.

तातेराव विचारात पडले. खरंच आठवायचा प्रयत्न करत होते, ते दिसत होतं. "म्हणलो असंन," ते म्हणाले. "मला काई आठवत न्हाई, गिरिजाबाई. कोणतं साल व्हतं?"

त्यांनी शिवी दिली असती, हात जोडले असते, तर दोन्हींना तिच्याजवळ उत्तर तयार होतं. ती चालत घरी आली, सर्जेरावाच्या बाजेशी बसली, आणि पहिल्यांदा त्याच्यासमोर रडली. तो काय झालं म्हणून विचारत होता. "त्याला आठवत बी न्हाई," एवढंच ती म्हणाली. सर्जेरावानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. पुण्याचं त्यानं त्या भांडणानंतर कधी काढलं नव्हतं, तेव्हाही काढलं नाही.

दोन हजार एकमध्ये सर्जेराव गेला. त्याच्या पुढच्या वर्षी मोंढ्यातल्या हमालांनी गिरिजाबाईचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फुलांचा हार. भिवानं भाषण केलं, आपल्या पोरांच्या पाठी वहिनींमुळे सरळ राहिल्या म्हणाला. मग तिला बोलायला लावलं. तिनं जय भीम केला आणि सांगितलं, की मी हे तुमच्यासाठी केलं असं समजू नका, मी एका माणसावर सूड घ्यायला निघाले होते, तुमचं भलं त्यात झालं. आणि माझ्या मालकांना पुण्याला न्यायचं एकदा जमत होतं, ते मी त्यांना न विचारता घालवलं. त्याचा राग त्यांनी शेवटपर्यंत धरला असेल, तर बराबर धरला.

लोकांना वाटलं, बाई मोठ्या मनाची आहे, म्हणून असं बोलते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. गिरिजाबाईला त्या टाळ्यांचा राग आला. ती खाली बसली, हार काढून मांडीवर ठेवला आणि शेजारच्या साळूबाईला विचारलं, की शहागडला जाणारी सकाळची गाडी अजून सहालाच असते का. तिथं सिमेंटच्या गोदामावर एक मुकादम माणसांना दोन-दोन गोण्या एकदम उचलायला लावतो, असं तिच्या कानावर आलं होतं. मुकादमाचं नाव तिनं विचारून ठेवलं होतं.